वरून चौथी पायरी

१२ जानेवारी

आत्या,

अक्षर बघून घाबरू नकोस. कोंबडीचे पाय शाईत बुडवून तिला कागदावर सोडलेलं नाही, मीच लिहितोय, डाव्या हाताने. उजवा कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टरमध्ये आहे. मनगट मोडलं. आत दोन तारा घातल्यात, त्या सहा आठवड्यांनी ओढून काढणार. 'ओढून' हा डॉक्टरांचाच शब्द. आणि तो त्यांनी हसत हसत वापरला.

बाबा म्हणाले, आत्याला फोन कर. मी म्हटलं, ती पहिल्याच वाक्याला 'लिहून पाठव' म्हणणार. तर हे घे.

प्रकरण असं. बाबांच्या ऑफिसच्या विम्यात मी अजून बसतो, कॉलेज अर्ध्यात सोडलं तरी. (त्यावर तू मागे चार पानं लिहिली होतीस. परत नको.) बाबांनी दवाखान्यात पैसे भरले, कागद कंपनीला पाठवले, कंपनीने ते जसेच्या तसे परत पाठवले. वर चिठ्ठी : 'अपघाताचे स्वरूप स्पष्ट नाही.' मी फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "सर, तुम्ही नुसतं 'जिन्यावरून पडलो' एवढंच लिहिलंय."

"मग काय विमानातून पडलो लिहू?"

तिने मला वीस मिनिटं बासरी ऐकवत ठेवलं. फोन भिंतीवर आपटणारच होतो, आईने हातातून काढून घेतला. म्हणाली, "एकच हात उरलाय, तो तरी नीट ठेव."

तू एकतीस वर्षं क्लेमच्या टेबलावर काढलीस. काय लिहायचं ते सांग. फ्रेमच्या दुकानात मालकांनी काढून टाकलेलं नाही, पण एका हाताने काच कापता येत नाही. काउंटरवर बसून लोकांच्या लग्नाचे फोटो मोजून घेतो. ते मला सध्या बघवत नाहीत.

आणखी एक. प्लास्टरच्या आत कुणीतरी मनगट धरल्यासारखं वाटतं. दुखणं वेगळं, हे वेगळं. भर दुपारी, सगळे घरात असताना. आवळतं, मग सुटतं. डॉक्टर म्हणतात, सूज.

तुझा
फटाक्या

(हे नाव तूच ठेवलंस. आता भोग.)


१९ जानेवारी

फटाक्या,

तुझं डाव्या हाताचं अक्षर उजव्यापेक्षा बरं आहे. प्लास्टर निघालं तरी हेच ठेव.

आता ऐक. माणूस घरात उगाच पडतो, रस्त्यात उगाच पडतो, पण कागदावर उगाच पडत नाही. टेबलावर रोज साठ-सत्तर पडलेली माणसं येतात. जो कसा पडला ते दिसतं, त्याचा कागद पुढे सरकतो. म्हणून आधी इमारत लिही. मग मजला. मग पायरी. 'तिसऱ्या-चौथ्या पायरीवरून' लिहिलंस की वाचणारा पेन खाली ठेवतो. 'वरून चौथी' असं ठाम लिही. पायांत काय होतं ते लिही. आणि पायरीवर काय होतं ते विसरू नकोस. इमारतींचे जिने सकाळी पुसतात. पुसून नुकतंच झालं असेल, तर तसं लिही. ओल्या पायरीवरून पडलेला एकही क्लेम माझ्या टेबलावरून परत गेला नाही.

दवाखान्याच्या कागदांची एक प्रत मलाही पाठव. जुनी खोड आहे.

त्या इमारतीत तू काय करत होतास हे मी विचारत नाही. कंपनीही विचारत नाही.

बोटं निळी पडली तर तडक दवाखाना गाठ. बाकी कुणीतरी हात धरावा असं तुझ्या वयात सगळ्यांनाच वाटतं.

आत्या


२७ जानेवारी

आत्या,

तुझ्या हुकमाप्रमाणे केलं. दुसऱ्या मजल्यावरून उतरताना, वरून चौथी पायरी, सकाळी सव्वाअकरा, पायांत रबरी चप्पल, जिना नुकताच पुसलेला. पाय घसरला, उजवा हात टेकला. लिहून झाल्यावर वाचलं आणि मलाच वाटलं, अरे, पडलोच की मी! प्रत सोबत आहे, दवाखान्याचे कागदही.

तू विचारत नाहीस म्हणून सांगतो. त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ती राहते. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. प्रमाणपत्राला फ्रेम करून घ्यायला आमच्याकडे आली होती. मी तीनदा काच बदलली, तीनदा तिला यायला लावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "काचेत काहीच खराबी नाहीये, हो ना?" तिथे मी संपलो. त्याला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत तिने मला चार वेळा नाही म्हटलंय. शेवटच्या वेळी काय म्हणाली माहितेय? "तू प्रेम करत नाहीस. तू धरणं धरून बसतोस." मी चिडलो, तिच्या फाटकाला लाथ मारली आणि मग अर्धा तास लंगडत तिथेच बसलो. पंपवाले काका, म्हणजे त्या इमारतीचा पाण्याचा पंप, जिने, दिवे सगळं बघणारे, त्यांनी पाणी आणून दिलं.

तर हात कुणीतरी धरावा असं मला वाटतं खरं, पण हे ते नव्हे, आत्या. आता मला बोटं कळतात. चार बोटं मनगटाच्या पाठीवर, अंगठा आत, नाडीवर. आणि पकड वरून आहे. कुणी शेजारी बसून हात धरतो तशी नाही. वर ओढणारी. काल जेवताना प्लास्टरसकट हात ताटावरून वर गेला. मी उचलला नव्हता. आई म्हणाली, "भाजी हवी का?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

फटाक्या


११ फेब्रुवारी

आत्या,

तुझं उत्तर नाही. बरी आहेस ना?

इकडे क्लेम मंजूर झाला. बाबांनी पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारली, तीही पडण्याबद्दल. परवा प्लास्टर कापलं आणि तारा काढल्या. ओरडलो नाही. ओरडलो असेन तर बाहेरच्यांनाच ऐकू गेलं असेल.

आतून जो हात निघाला तो माझा वाटत नाही. बारीक, पांढरट, सोललेला. पण ते होतं सगळ्यांचं. आत्या, मनगटावर बोटांच्या खुणा आहेत. चार पाठीवर, एक आत. निळ्या-जांभळ्या, काल कुणी आवळल्यासारख्या. सहा आठवडे झालेत! प्लास्टर कापणाऱ्याला दाखवल्या. तो म्हणाला, "कापूस गोळा होतो, त्याचे डाग." मी म्हटलं, "कापसाला अंगठा असतो का?" तो म्हणाला, "पुढचा पेशंट."

दुकानात येऊन फ्रेमच्या पट्टीने मोजल्या. आतली खूण, अंगठ्याची, माझ्या अंगठ्याहून लांब आहे. म्हणजे मीच झोपेत आवळत नाही. तेवढीच एक शंका होती, तीही गेली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. काल त्या इमारतीकडे गेलो. तिच्यासाठी नाही, खरंच नाही. पंपवाले काकांना हात दाखवायला. जिन्याखालच्या त्यांच्या खोलीला कुलूप, आणि जिना एक नवाच माणूस पुसत होता. त्याला विचारलं. म्हणाला, "आधीचा होता त्याला काढला. पायऱ्या ओल्या ठेवायचा. कुणाचा तरी हात मोडला म्हणे. विम्याचा माणूस येऊन लिहून घेऊन गेला." नऊ वर्षं होते ते तिथे. दोन दिवसांत खोली रिकामी करायला लावली.

विम्याचा माणूस तिथे कशाला गेला, आत्या? क्लेम माझा, हात माझा. इमारतीशी त्यांचं काय?

फटाक्या


१७ फेब्रुवारी

फटाक्या,

उत्तर लिहीत होते आणि फाडत होते. हे पाचवं.

कंपनी पैसे देते, पण देऊन गप्प बसत नाही. चूक दुसऱ्या कुणाची दिसली की दिलेले पैसे त्याच्याकडून वसूल करायला माणूस पाठवते. तू चूक कुणाची ते लिहून दिलंस. ओली पायरी म्हणजे पुसणारा आला. इमारतीच्या कमिटीने पैसे भरायचे टाळायला पुसणाऱ्यालाच पुढे केलं असणार. असंच करतात.

हे मला माहीत नव्हतं का? मी एकतीस वर्षं तोच शिक्का मारला. वसुलीचं टेबल माझ्या मागेच होतं, पंख्याखाली. पायरी ओली होती का, हे मी हजार वेळा विचारलं असेल. ती कुणी पुसली हे एकदाही विचारलं नाही. तो माझा रकाना नव्हता.

आता माझा प्रश्न. तू पाठवलेल्या कागदात हाड मोडल्याचं वर्णन आहे. ते वाचून मी तुझ्याशी बोलायची थांबले. पडणारा माणूस हात टेकतो, तेव्हा हाड एका तऱ्हेने मोडतं. तशी हाडं मी कागदावर इतकी पाहिली आहेत की डॉक्टर आधी मला विचारतील. तुझं हाड पिळवटून मोडलंय. टेकून नाही, लटकून. तुझा हात कुणीतरी धरला होता, आणि हाताला तुझं सगळं वजन होतं.

मला आधी वाटलं, त्या मुलीच्या घरच्यांनी मुरगळला असेल, तू मार लपवतोस. म्हणून गप्प राहिले. आता तू खुणांचं लिहितोस.

कुणी धरला होता? आणि तू कुठे लटकला होतास?

आत्या


२२ फेब्रुवारी

आत्या,

हे पत्र बाबांना दाखवू नकोस. नाही, दाखव. नको. तू ठरव.

मी जिन्यावरून पडलोच नाही. जिना मी चढलो फक्त. गच्चीपर्यंत.

आदल्या आठवड्यात तिने माझा नंबर बंद केला होता. डोकं फिरलं. मनात एकच, तिने मला बघावं. मरायचं नव्हतं, आत्या, शपथ. घाबरवायचं होतं. तिच्या घराची मागची खिडकी गच्चीच्या कठड्याच्या बरोबर खाली येते. दहाच्या सुमाराला वर गेलो, दार उघडंच होतं. टाकीच्या मागे सावलीत बसलो. ती खिडकीशी येईल, मग मी कठड्यावर दिसेन, असा बेत. तासभर बसलो. काय काय बोलायचं तेही ठरवलं होतं. मग वैतागून कठड्यावर जाऊन बसलो, पाय बाहेर सोडून, आणि तिला हाक मारली. खिडकी बंद. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा हाक मारताना पुढे वाकलो आणि बुडाखाली कठड्यावर सगळी वाळू होती, बारीक, ती सरकली.

पुढचं नीट आठवत नाही, आणि नको तेवढं नीट आठवतं. पायांखाली काही नव्हतं. आणि उजवं मनगट धरलेलं. मान वर केली तर डोळ्यांत ऊन. उन्हात कुणीतरी वाकलेलं, नुसता काळा आकार. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी पकड सुटली नाही. मी म्हणत होतो, सोडू नका, सोडू नका. मग वर ओढला गेलो, पोट कठड्यावर घासलं, आणि अंधारी आली.

डोळे उघडले तेव्हा पंपवाले काका तोंडावर पाणी मारत होते. मी म्हटलं, "काका, जिन्यावर पडलो असं सांगा." त्यांनी माझ्याकडे बघितलं, खूप वेळ. मग म्हणाले, "बरं." मला खांद्याला धरून खाली आणलं, रिक्षात घातलं. शेवटपर्यंत तेच सांगितलं त्यांनी सगळ्यांना. कमिटीलाही. स्वतःची नोकरी जाताना तरी खरं सांगायचं ना! तोंड उघडलं असतं तर मी उघडा पडलो असतो आणि ते वाचले असते.

ज्या माणसाने मला धरून ठेवलं, त्यालाच मी ढकलून दिलं, आत्या. लिहून, सही करून, तीन प्रतींत.

आणि ती घरात नव्हतीच. पाच दिवस आधीच दुसऱ्या गावी नोकरीवर गेली होती. मी बंद खोलीला हाका मारत होतो.

पकड आता रोज येते. सोडत नाही. बरोबरच आहे त्यांचं.

फटाक्या


२८ फेब्रुवारी

फटाक्या,

रडून झालं असेल तर कागद घे.

जे मला लिहिलंस तेच कंपनीला लिही. 'सोडू नका' वगैरे नको. गच्ची, कठडा, वाळू, वेळ. स्वतःहून कठड्यावर बसलो होतो हे स्पष्ट लिही. जिना कोरडा होता हेही लिही. क्लेम जाईल, दिलेले पैसे परत मागतील. द्यायचे. पहिला कागद खोटा लिहायला कुणी शिकवलं असं विचारलं तर माझं नाव दे, निवृत्तीनंतर मला कुणी काढून टाकू शकत नाही. एक प्रत इमारतीच्या चिटणिसाला, पोच घेऊन. मुलीचं नाव कुठेही नको. तुझ्या बाबांना मी फोन केलाय. हो, फोन. काही गोष्टी लिहायला मला वेळ नव्हता.

पुन्हा कधी डोकं असं फिरलं तर आधी मला लिही. पत्र पोचायला चार दिवस लागतात, तेवढे दिवस तू उत्तराची वाट बघत बसशील. तेवढंच मला हवंय.

माझंही सांगते, कुणाशी तरी बोलायला हवं. तुझं पत्र आल्यापासून दुपारी दोनच्या सुमाराला माझ्या दाराबाहेर जिना पुसल्याचा आवाज येतो. ओलं फडकं, बादलीची कडी, एक पायरी, पुन्हा बादली. दार उघडलं की जिना कोरडा. आमच्याकडे जिना सकाळी पुसतात. मी मनातल्या मनात त्या फाइली उघडते, पण पुसणाऱ्याचं नाव एकाही फाइलीत सापडत नाही. कसं सापडणार?

त्या माणसाला शोध. हे तुझ्या हातून झालं तर मलाही जरा झोप लागेल.

आत्या


१४ मार्च

आत्या,

दिलं. दोन्हीकडे. पोच सोबत आहे.

कंपनीतली बाई, तीच बासरीवाली, कागद वाचून म्हणाली, "सर, मंजूर झालेला क्लेम कुणी स्वतःहून असा परत आणत नाही. आमच्याकडे यासाठी फॉर्मच नाही." मग तिने एका कोऱ्या कागदावर रेघा मारून फॉर्म केला. मी भांडलो नाही. तिने पाणी विचारलं.

चिटणीस मात्र भांडले. "म्हणजे आमच्या गच्चीवरून तुम्ही... आणि आम्हाला हे आत्ता कळतंय? इमारतीचं नाव किती खराब होईल!"

मी म्हटलं, "एका माणसाचं झालं तेव्हा चाललं का?"

"आवाज खाली."

"जिना कोरडा होता, एवढं तुमच्या वहीत लिहा. मग खाली करतो."

लिहिलं. वर स्वतःच म्हणाले, नवा माणूस पंप दोनदा जाळून बसलाय, जुना येत असेल तर येऊ दे. शिवाय एवढा जीव वाचवला, तर आम्ही त्यांचा सत्कार करू, गच्चीवर नावाची पाटी लावू. सत्कार म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीत आले, पलंगाच्या कडेला बसले, माझा उजवा हात मांडीवर घेतला आणि व्यायामाच्या कागदावरचे सगळे व्यायाम एकेक करून घेतले. मूठ, सोड. मूठ, सोड. जाताना म्हणाले, "उद्या पुन्हा." बस.

तिचाही फोन आला. घरून कळलं असावं.

"माझं नाव लिहिलंस?"

"नाही."

"बरं केलंस. आता यापुढे फोनही करू नकोस. खरंच नको. हात बरा कर." ठेवता ठेवता म्हणाली, "आणि कुणाच्याही खिडकीवर असा बसू नकोस." मला राग आला नाही. रडू आलं, ते वेगळं.

पंपवाले काकांचा पत्ता नव्या माणसाकडून मिळाला, ते गावाकडे मुलाजवळ आहेत. पत्र टाकलंय. माफी मागितली, जीव वाचवल्याबद्दल पाया पडलो, आणि परत या असं लिहिलं. लिहिताना हात कुणीतरी धरून ठेवला होता. एकेक अक्षर ओढत लिहिलं. उजव्या हाताने लिहिलेलं पहिलं पत्र ते.

खुणा फिक्या पडत नाहीत. मोजतो रोज.

फटाक्या


२ एप्रिल

पोरा,

तुझं पत्र मिळालं. तुला 'तू' म्हणतो, राग मानू नको, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. लिहायची सवय नाही, उशीर झाला.

तू जे लिहून दिलंस त्याला जिगर लागते. तुझ्यावर माझा राग नव्हता. मी गप्प बसलो तो माझ्या मर्जीने. खरं सांगितलं असतं तर सगळ्यांनी त्या पोरीचं नाव घेतलं असतं. तिची काय चूक होती? नोकरी काय, पंप सगळीकडे आहेत. तू दोन वर्षं आमच्या फाटकावर बसायचास तेव्हा वाटायचं, हा एक दिवस काहीतरी करणार. माझं लक्ष असायला हवं होतं.

पण एक गोष्ट चुकीची लिहिलीस. मी तुला धरलं नाही.

त्या दिवशी साडेदहाला मी टाकी बघायला वर आलो आणि जाताना गच्चीला कुलूप लावलं. तू टाकीमागे होतास म्हणतोस, मला दिसला नाहीस. किल्ली माझ्या खिशात. सव्वाअकराला मी पहिल्या मजल्यावर होतो. वरून आवाज आला. ओरडण्याचा नाही, बोलण्याचा. तू कुणाला तरी म्हणत होतास, सोडू नका. तसाच धावत गेलो, कुलूप काढलं. तू कठड्याच्या आतल्या अंगाला, चांगला चार हात आत, उताणा पडलेला. उजवा हात डोक्याच्या वर ताणलेला. दुसरं कुणी नव्हतं. मी टाकीमागे बघितलं, टाकीवर चढूनही बघितलं. कुलूप जिन्याच्या बाजूने होतं, पोरा. आत कोण येणार आणि बाहेर कोण जाणार?

तेव्हा तुझ्याकडे इतका वेळ बघत बसलो ते त्यासाठी.

तू लिहितोस की मनगटावर पाची बोटांच्या खुणा आहेत, अंगठा लांब आहे. माझ्या दोन्ही हातांत धड असा एकच अंगठा आहे, डावा. उजवा पेरापासून गेलेला, पंपाच्या पट्ट्यात, तू यायला लागलास त्याच्याही आधी. त्याच हाताने तुला पाणी दिलंय मी कितीदा. लक्षात आलं नाही का तुझ्या? आणि डाव्या हातात वजन उचलायची ताकद माझ्यात राहिलेली नाही.

चिटणिसांचंही पत्र आलं. या म्हणतात, सत्कार करतो म्हणतात, गच्चीवर पाटी लावतो म्हणतात. मी येतो, काम मला हवं आहे. पण हे नाव माझ्यावर नको. उद्या आणखी कुणी डोकं फिरलेला वर गेला, तर लोक म्हणतील, काका आहेत, धरतील. तोही म्हणेल. माझ्या भरवशावर कुणी कठड्यावर बसू नये. मी त्या दिवशी तिथे नव्हतो. एवढं लिहून दे, कंपनीला आणि कमिटीला. मग मी येतो.

हात जप. थंड पाण्यात घालू नको.

तुझा
पंपवाला


९ एप्रिल

काका,

लिहून दिलं. आज सकाळीच.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग घरातले सगळे दिवे लावले. दुपारचे बारा वाजले होते. आईने विचारलं, काय झालं? तिला पत्र दिलं. तिने वाचलं, घडी घातली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

तुमचा अंगठा माझ्या लक्षात आला नव्हता, काका. दोन वर्षं तुमच्या हातून पाणी प्यायलो. त्याची माफी वेगळी मागतो.

चिटणिसांना सांगितलं. ते म्हणाले, "मग धरलं कुणी?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "माहीत नाही असं वहीत कसं लिहू?" मी म्हटलं, तसंच लिहा. सत्कार रद्द झाल्याचं त्यांना जास्त वाईट वाटलं. पण तुमची जागा पक्की आहे, खोलीसकट, एक तारखेपासून. वहीत लिहून घेतलं आणि सही घेतली. गच्चीचा कठडा वाढवायचं ठरलंय. काम पुरं होईपर्यंत कुलपाच्या दोन्ही किल्ल्या तुमच्याकडेच ठेवायच्या, हेही लिहून घेतलं.

कंपनीतली बाई मला बघून उभी राहिली. एकाच अपघाताची तिसरी हकिगत आणणारा माणूस तिने बघितला नव्हता. या वेळी तिने छापील फॉर्म दिला, गच्चीवरून पडणाऱ्यांचा वेगळा असतो म्हणे. मी तिथेच बसून उजव्या हाताने भरला. वेळ, जागा, कठडा, वाळू. तुमचं नाव कुठेही नाही. तुम्ही तिथे नव्हता, असं वेगळ्या ओळीत लिहिलंय.

शेवटून दुसऱ्या ओळीत होतं : घटनेच्या वेळी साक्षीदार हजर होता का?

मी लिहिलं, होय.

त्याखाली नाव आणि पत्ता. तो रकाना तसाच ठेवून सही केली. बाईंनी कागद फिरवून माझ्यापुढे सरकवला आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "सर, हे भरायचं विसरलात."

मी म्हटलं, "नाही, विसरलो नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं, आणि शिक्का मारला.

तुम्ही या.